उंबऱ्याबाहेरची बादली

मी तीस वर्षं आठवीच्या पोरांना सूक्ष्मजीव शिकवले. खोकताना तोंडावर रुमाल धरावा, हे फळ्यावर लिहिलं, पाठ करून घेतलं, परीक्षेत दोन मार्कांना विचारलं. आणि बारा दिवसांच्या माझ्या सख्ख्या भाचीच्या तोंडावर मी स्वतः खोकले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. घरातले म्हणतात, आता पोरगी धडधाकट आहे, जाऊ दे ना, विसर. का विसरू? ज्याला विसरायचंय त्यानं खुशाल विसरावं. मला त्या गोष्टीचा राग येतो, अजून येतो, आणि सगळ्यात आधी तो माझ्यावरच येतो.

ती दुष्काळाची वर्षं होती. शहराला तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचे. सलग दोन पावसाळे कोरडे गेले होते, तिकडं जायकवाडीचा तळ दिसायला लागला होता, आणि इकडं शहर मात्र फुगत चाललं होतं. माझ्या धाकट्या भावानं सातारा परिसरात नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. नळ होते, पण पाइपलाइन यायची होती. ती यायचीच राहिली. दिवसाआड टँकर यायचा, खालच्या टाकीत ओतायचा, आणि वर तासभर पाणी सुटायचं. तेवढ्या तासात ड्रम, हंडे, पातेली, झाकणं असलेले डबेसुद्धा भरून ठेवायचे. शेजारी अजून दोन बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, समोरचा रस्ता खणलेला होता. कपडे वाळत घातले की संध्याकाळी झटकून पुन्हा धुवावेसे वाटायचे, पण धुणार कशानं?

भावजय गंगापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, तसंच ठरलं होतं. पण तिच्या गावात टँकर चौथ्या दिवशी यायचा, विहिरीला पाणी नाही. बाळंतिणीला न्हाऊ घालायला पाणी आणायचं कुठून? म्हणून उलटं झालं. लेक माहेरी जायच्या ऐवजी तिची आईच आमच्याकडं आली, एका जीपमध्ये गुडघे पोटाशी घेऊन, बाजरीचं पीठ आणि डिंकाचं गाठोडं मांडीवर ठेवून. त्यांना मी मावशी म्हणायचे. मावशींनी आयुष्यभर लोकांच्या शेतात कापूस वेचला होता. सही यायची नाही. बोलायच्या कमी आणि हळू.

भाची झाली. आमच्या घरात पहिलं लेकरू. वडील लवकर गेल्यामुळं भाऊ माझ्याच हाताखाली वाढलेला, त्याला मी कडेवर घेऊन शाळेत नेलेलं. आणि मला स्वतःला मूलबाळ झालं नाही. दवाखाने केले, औषधं केली, माझ्या नवऱ्यानं कधी चकार शब्द काढला नाही, पण बाकीच्यांनी काढले. त्यामुळं त्या पोरीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला काय झालं ते मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर रडगाणं होईल, आणि मला रडायचं नाही, मला भांडायचंय.

तर मावशींनी आल्या आल्या एक काम केलं. दाराबाहेर, उंबऱ्याच्या पलीकडं, अर्धी बादली पाणी ठेवलं. त्यात कडुलिंबाचा पाला टाकलेला, वर एक तांब्या. जो येईल त्यानं आधी हातपाय धुवायचे आणि मग आत यायचं. आणि ज्याला पडसं-खोकला असेल त्यानं आत यायचंच नाही, उंबऱ्यातूनच लेकरू बघायचं आणि परत जायचं. भावाच्या ऑफिसातले साहेब आले होते, त्यांनासुद्धा मावशींनी तांब्या पुढं केला. भाऊ लाजेनं लाल झाला.

मी विचारलं, "मावशी, हे कशासाठी?"

"बाहेरचं वारं लागतंय बाई. लेकरू कवळं हाय."

झालं! बाहेरचं वारं म्हटलं आणि माझ्यातली विज्ञानाची बाई उठून बसली. आमच्या आजोबांनी देवदेवस्की, बाधा, उतारे सगळं गाठोड्यात बांधून टाकून दिलं आणि धम्म घेतला. घरात आम्ही नवस बोलत नाही, दृष्ट काढत नाही. मी शाळेत अंधश्रद्धेवर भाषणं देते, त्याबद्दल मला दोनदा शाल मिळालेली आहे. मी मावशींना सुनावलं, "वारं-बिरं काही नसतं हो. आणि इथं पाण्याची ही बोंब, तुम्ही अर्धी अर्धी बादली पाय धुण्यात घालवताय!"

त्या म्हणाल्या, "वाया नाय जात बाई. त्याच पाण्यानं मी मोरी धुती."

खरंच धुवायच्या. दुपट्यांचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी संडासाला. पाणी कसं वापरायचं हे मी त्यांना शिकवावं, यापरता मूर्खपणा नाही. पण तेव्हा मला तो मूर्खपणा दिसला नाही. मला दिसली एक अडाणी बाई आणि तिचा लिंबाचा पाला. त्या बादलीमागं तिच्या आईची, आजीची, किती मेलेल्या आणि जगलेल्या लेकरांची अक्कल होती ते मला कळलं नाही. कारण तिनं 'जंतू' म्हटलं नाही, 'वारं' म्हटलं. पाठ्यपुस्तकातला शब्द वापरला असता तर मी तिच्या पाया पडले असते!

आता माझ्या खोकल्याचं सांगते. माझी शाळा पैठण रोडला, चितेगावच्या अलीकडं. रस्ता रुंद करायचं काम चाललेलं, रात्रंदिवस डंपर, वर टँकरांची रांग. वर्गात खिडकी लावली तर जीव गुदमरतो आणि उघडली तर पोरांच्या वह्यांवर धूळ. अर्धी शाळा खोकायची, पोरं आणि मास्तर दोन्ही. सगळे म्हणायचे धुळीचा खोकला. स्टाफरूममध्ये दुसरं कारण कुणी शोधलंच नाही. मला सुरू होऊन महिना उलटला होता. दिवसभर काही नाही, आणि मग एकदम उबळ यायची, अशी की डोळ्यांतून पाणी, थांबतच नाही, शेवटी पोटातलं अन्न बाहेर. दोनदा मी वर्गातून पळत जाऊन उलटी केली. ताप नाही, अंगदुखी नाही. मेडिकलवाल्याकडून बाटली आणली, अर्धी संपवली. धूळ आहे म्हटल्यावर डॉक्टरकडं कशाला जायचं? असा मूर्खपणा आम्ही सगळ्यांनी मिळून केला. दुष्काळानं आम्हाला एक सोयीचं उत्तर दिलं होतं, ते आम्ही प्रत्येक प्रश्नाला लावत होतो.

बारावा दिवस बारशाचा. चाळीस माणसं येणार होती. आमच्यात वंदना होते, त्रिशरण-पंचशील होतं, मग पाळणा. धर्म बदलला, विधी बदलले, पण आत्याचा मान कुणी बदलला नाही. आत्यानं पाळण्यात वाकायचं, लेकराच्या कानाला तोंड लावायचं, कुर्रर्र करायचं आणि नाव सांगायचं. आणि ती वाकली की मागून सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. हौसेचा भाग. लहानपणी मी आमच्या आत्याला असे धपाटे घातले होते की ती आठवडाभर पाठ चोळत होती. आता माझी पाळी होती. किती वर्षं वाट बघितली होती मी त्या धपाट्यांची.

सकाळी मी लवकर गेले. दारात ती बादली. चाळीस माणसं येणार, पाणी आधीच तोकडं, आणि ही बादली दारात. मी ती उचलली आणि सरळ संडासातल्या ड्रममध्ये ओतली. पाला कचऱ्यात टाकला. मावशी स्वयंपाकघरातून बघत होत्या. बोलल्या नाहीत. लेकीचं सासर होतं, आणि मी तिथली मोठी.

मग मला उबळ आली. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडावा तर नळाला पाणी नाही, आवाज लपवायचा कसा? टॉवेल तोंडात कोंबला. बाहेर आले तर दारात मावशी उभ्या. बाहेरच्या खोलीत निम्मी माणसं जमलेली. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तुमाला खोकला लई हाय. तुमच्या चुलत बहिणीला सांगू द्या की नाव. ती बी आत्याच हाय."

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर होतं. मी हे वाक्य वर्गात बोलले असते तर पोरांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण मला त्यातला खोकला ऐकूच आला नाही. मला वाटलं, ही मला बाजूला सारतेय. आयुष्यभर मला असंच बाजूला सारलेलं. कुणाची ओटी भरायची असली की म्हणायचे, तुम्ही बसा ताई, ती भरेल. कुणाचं डोहाळजेवण असलं की मला पंक्तीत वाढायला उभं करायचे. आम्ही एवढे पुरोगामी, तरी हे करायचे, आणि गोड हसून करायचे. तळपायाची आग मस्तकात गेली. मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "का? मला लेकरू नाही म्हणून का?"

भाऊ धावत आला. भावजयीनं आईकडं असं बघितलं की त्या माउलीनं कुठं तोंड लपवावं. मावशी म्हणाल्या, "नाय वो बाई, तसं नाय," आणि स्वयंपाकघरात गेल्या त्या परत बाहेर आल्याच नाहीत. नातीचं बारसं त्यांनी शिऱ्याच्या पातेल्याशेजारी बसून ऐकलं.

मी गालात ज्येष्ठमधाची काडी धरली. पाळणा हलला, बायकांनी पाळणा म्हटला. मी वाकले. काय वास असतो त्या जिवाला, दुधाचा आणि तेलाचा. मी कानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. आणि मागून पहिला धपाटा बसला, दुसरा बसला, ज्येष्ठमध गालातून निसटलं आणि उबळ आली. मला वर होता येईना, पाठीवर दहा हात. चार-पाच वेळा मी तशीच खोकले, पाळण्यात, तिच्या तोंडावर. लोक हसत होते. "जोरात बसला वाटतं!" मीही हसले. भाची डोळे मिटून झोपलेली होती, तिनं नुसतं नाक आक्रसलं.

दहाएक दिवस काही नाही. मग नाक वाहायला लागलं, थोडा खोकला. गल्लीतल्या डॉक्टरनं थेंब दिले. सगळे म्हणाले, रस्त्याची धूळ. खिडक्यांना ओले पडदे लावले, म्हणजे प्यायचं पाणी पडद्यांना. ताप नाही म्हणून सगळे निर्धास्त. एका रविवारी सकाळी मी तिथं होते. भावजय पोरीला पाजत होती. पोरगी खोकली, पुन्हा खोकली, खोकतच राहिली. चेहरा लाल, मग जांभळा, ओठ जांभळट काळे. आणि मग खोकला थांबला आणि श्वासही थांबला. आवाज नाही, काही नाही. भावजय किंचाळली, "आई, ही बघ कशी करतीया!" मावशींनी पोरीला उपडं केलं, पाठीवर थापटलं, तळपायाला टिचक्या मारल्या. किती वेळ गेला माहीत नाही. मग एक बारीकसा श्वास आला.

रिक्षात आम्ही चौघं कोंबून बसलो. रिक्षावाला आरशात बघून म्हणाला, "फिकर नक्को करो आपा, दस मिनिट में पोचते." त्या दहा मिनिटांत तिचा श्वास आणखी एकदा थांबला. एवढीशी पंचवीस-सव्वीस दिवसांची पोर, नाव ठेवून पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते.

लहान मुलांच्या एका दवाखान्यात तिला आत घेतलं. नाकात नळी, पायाला वायर. डॉक्टर तरुण बाई होत्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांनी बाहेर येऊन आम्हा सगळ्यांना उभं केलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "एवढ्या लहान बाळाला हे घरातल्याच कुणाकडून तरी येतं. कुणाला खोकला होता? बरेच दिवसांचा?"

भाऊ म्हणाला, "डॉक्टर, तिकडं रस्त्याचं काम चालू आहे. धूळच एवढी..."

"धुळीनं बाळाचा श्वास असा थांबत नाही. माणूस सांगा."

भाऊ समोर, भावजय समोर. मावशींनी माझ्याकडं बघितलं. फक्त एकदा. आणि म्हणाल्या, "मला व्हता खोकला."

मावशींना खोकला नव्हता. महिनाभर त्या घरात होत्या, एकदा साधी शिंक दिली नव्हती त्यांनी.

डॉक्टरांनी विचारलं, "किती दिवस?"

"चार दीस. पाच म्हना."

"एकदम उबळ यायची? खोकून खोकून उलटी व्हायची?"

"नाय. तसं काय नाय."

डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. "मग साधंच इन्फेक्शन दिसतंय. आजी, तुम्ही आता बाळाजवळ जायचं नाही. तोंडाला रुमाल बांधा आणि बाहेर थांबा." आणि आत गेल्या. प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर माझ्याकडं होतं. किती दिवस, दोन महिने होत आले. उबळ, हो. उलटी, हो. तीन उत्तरं, तिसरीतलं पोरगं देईल अशी. मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत गेले आणि दोन तास घेतले. हे मी लिहून ठेवतेय, कारण घरात हे कुणी बोलत नाही. मी शाळेत गेले होते.

दहाच्या सुमारास दवाखान्यात पोचले. फाटकाबाहेर लिंबाखाली मावशी बसल्या होत्या, तोंडाला पदर घट्ट बांधलेला. कुणी त्यांना चहा दिला होता तो तसाच पडलेला, कारण तोंड सोडायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आत गेले तर भावजय भिंतीला टेकून उभी. पहाटेपासून पोरीचा श्वास दोनदा थांबला होता, आता मशीन लावायचं म्हणत होते. मी डॉक्टरांच्या खोलीत घुसले. भाऊ आणि भावजय मागून आले, त्यांना मी थांबवलं नाही. ऐकू दे म्हटलं.

"तो खोकला माझा होता," मी सांगितलं. "दोन महिने. उबळ येते. उलटी होते. बारशाला मी तिच्या कानात नाव सांगितलं आणि तोंडावर खोकले. मावशींना काहीही नव्हतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "डांग्या खोकला," त्या म्हणाल्या. मोठ्यांना तो डांग्या वाटतच नाही, लहानपणच्या लशीचा जोर ओसरलेला असतो, माणूस खोकत हिंडत राहतो. आणि बाळाची पहिली लस दीड महिन्याची, तोवर त्याच्याकडं काहीच नसतं. त्यांनी औषध बदललं, नमुना तपासायला पाठवला, घरातल्या सगळ्यांना गोळ्या लिहून दिल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काल विचारलं होतं मी." बस. आवाज चढवला नाही. चढवायला हवा होता.

भाऊ खिडकीकडं तोंड करून उभा राहिला. मला वाटलं भावजय माझ्या अंगावर येईल. यावं असंच वाटत होतं. ती एवढंच म्हणाली, "ताई, माझ्या आईला बाहेर बसवलंत तुम्ही."

मी बाहेर गेले. मावशींच्या शेजारी मातीत बसले. म्हणाले, "सांगितलं मी. सोडा तो पदर." त्यांनी सोडला नाही. मला राहवेना, मी ओरडलेच, "का खोटं बोललात? पोरीच्या जिवाशी खेळ झाला ना! एक अख्खा दिवस गेला!"

"त्या बाईनं इतकं इचारलं, मला कळलं नाय कशासाठी इचारती. मला वाटलं दोष कुणाचा त्येवढंच इचारती." मग म्हणाल्या, "भरल्या घरात तुमी म्हनलात, लेकरू नाय म्हनून का. तवापासनं माझ्या मनाला लागलं व्हतं. म्हनलं, आता आनिक कुनी तुमाला काय बोलू नाय."

माझ्यावर दया केली तिनं. जिला मी भरल्या घरात गप्प बसवलं, तिनं. मला त्या दयेचाही राग आला. अजून येतो. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन घरी गेले असते. दया घेऊन कुठं जायचं?

पोरगी वाचली. मशीनची वेळ आली नाही. तीन आठवडे दवाखाना आणि पुढं दोन महिने प्रत्येक खोकल्याला आम्ही सगळे जागच्या जागी थिजायचो. भाऊ लोकांना अजून सांगतो, धुळीनं झालं होतं. माझ्यासाठी सांगतो, मला कळतं. मी दर वेळी तिथंच, पाहुण्यांसमोर, दुरुस्त करते. "धुळीनं नाही. माझ्यानं." पाहुणे चहाच्या कपात बघतात. शाळेत मी पहिलं काम केलं ते म्हणजे स्टाफरूममधल्या खोकणाऱ्या चौघांना डॉक्टरकडं पिटाळलं, त्यातल्या एकाच्या घरात तान्हं होतं. तो म्हणाला, "मॅडम, धुळीचा आहे हो." मी त्याला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. कुणाच्या बारशाला गेले की मी दारात उभी राहते आणि नाकातून पाणी गळणाऱ्या काका-मामांना आत सोडत नाही. लोकांना मी खाष्ट वाटते. वाटू दे. पप्पी घ्यायला पुढं झालेलं तोंड मी हातानं मागं सारलंय. एकानं विचारलं, "तुम्हाला काय कळतंय बाई लेकरांमधलं?" मी म्हटलं, "एक मारता मारता राहिले, तेवढं कळतंय."

दोन-अडीच वर्षांनी भावजयीला मुलगा झाला. पाइपलाइन अजून आली नव्हती, दुष्काळ पुन्हा आलेला होता. बारशाच्या दिवशी मी पोचले तर उंबऱ्याबाहेर बादली, तांब्या, लिंबाचा पाला. भावजयीनं ठेवली होती. मी हातपाय धुतले. ती दारात आडवी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, "ताई, खोकला?"

"नाही."

"पडसं, कणकण, काही?"

"नाही."

मग बाजूला झाली. चाळीस माणसांनी ऐकलं. मला बरं वाटलं.

मावशी उशिरा आल्या. गावाहून जीप, जीपमधून उतरून एसटी, एसटीतून रिक्षा, तीन जिने. हातात स्वतः शिवलेल्या दुपट्यांचं गाठोडं. पाय धुतले, हात धुतले आणि उंबऱ्याबाहेरच जिन्याच्या पायरीवर बसल्या. भावजय म्हणाली, "ये की आई, तुझीच वाट बघत होतो." त्या म्हणाल्या, "नाय. मला कालपासनं पडसं हाय. मी हितनंच बघती." त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. एवढा प्रवास करून आलेली बाई, पहिला नातू, आणि हे वाक्य त्यांनी असं सांगितलं, जसं बाहेर ऊन आहे म्हणून सांगावं. आणि हेच वाक्य मला बाथरूममध्ये टॉवेल तोंडात कोंबून गिळावं लागलं होतं!

पाळणा मी उचलून दाराच्या तोंडाशी आणायला लावला. बायकांना म्हटलं, माझ्या पाठीला हात लावाल तर बघा. मी वाकले नाही. हातभर लांब, सरळ उभी राहिले आणि नाव मोठ्यानं सांगितलं, जिन्यात घुमेल एवढं. कुणीतरी म्हणालं, "अगं, कानात सांगायचं असतं."

"सांगितलं," मी म्हटलं, आणि बाहेर बघितलं. मावशींनी पदरानं नाक दाबून धरलं होतं, आणि त्या हळूहळू ते नाव स्वतःशी म्हणत होत्या.